टिलव्याचे पाय

बोदलकशाच्या तळ्यावर त्या रविवारी जत्राच म्हणा ना! पक्षीमंडळाचे दुलीचंद शेठ तिपाईवर मोठी दुर्बीण चढवून उभे, गोंदियाहून आलेला पेपरवाला, आणि तिरोड्याच्या शाळेतल्या अल्का रामटेके बाईंच्या सासूबाई रुक्माबाई, नव्या लुगड्यात. सुनेचं नाव पेपरात येणार, हे त्यांचं अख्ख्या मोहल्ल्यात सांगून झालं होतं. हीच बाई परवापर्यंत म्हणायची, "घरचे भांडे सोडून पाखरं पायते, अवदसा!"

झालं होतं असं, की आदल्या दिवशी अल्काला गाळात एक टिलवा दिसला, चिमणीएवढा पाणपक्षी, शेपटीचं एक पीस तुटलेला. चैत्रात परतीला निघालेले टिलवे अंगावर तांबूस पिसं चढवतात, मग छोटा टिलवा आणि लांब बोटांचा टिलवा अगदी जुळे भाऊ दिसतात. छोट्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळे, एवढाच काय तो भरवसा. छोटा दरवर्षी थव्यानं येतो. दुसरा मंडळात कुणी पाहिलेलाच नव्हता. पिवळे पाय पाहून अल्का आनंदानं ओरडलीच.

आज त्याच जागी तोच टिलवा, शेपटीचं तेच पीस तुटलेला, पाण्यात उतरला. मनसोक्त डुंबला आणि बाहेर आला तो काळ्याकुट्ट पायांनी! कालचं पिवळं पायाचं नव्हतंच, वाळलेल्या गाळाचं होतं. लहानपणापासून तुडवलेल्या चिखलानंच तिला फसवलं होतं.

दुलीचंदांनीही पाहिलं. ते हळूच कुजबुजले, "मॅडम, चूप बसा. उजेडाचा फरक आहे. नाम दोनों का छपेगा."

"उजेड नाही, चिखल. छोटा टिलवा आहे तो."

"फिर मंडळात तुमचं काय काम? पुढच्या रविवारी येऊ नका."

अल्काच्या अंगाचा तिळपापड झाला. "तळं मंडळाच्या मालकीचं नाही. मी माझी येईन!" असं म्हणून ती पेपरवाल्याकडे वळली. "लिहा हो. अल्का रामटेके चुकली. आणि ती चूक तिनंच पकडली, हेही लिहा."

"यात बातमी कुठे आहे, मॅडम?" म्हणत त्यानं पेन खिशात टाकलं.

रुक्माबाई भडकल्या. "काऊन वं, नाक कापलंस ना माझं! पिवळे म्हटलं असतं त तुह्यं काय जात होतं?"

"काळ्याले पिवळं नाही म्हणणार, आई. तुम्ही सांगितलं तरी नाही."

दुलीचंद दुर्बीण उतरवायला लागले. रुक्माबाईंनी तिपाईच धरली.

"थांबा शेठ! नाक माझं कापलं, त मले पाहू तं द्या."

एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचत त्या पेपरवाल्यावर खेकसल्या, "पेन काढ रे. काळेच हायेत."