हात बसण्यापुरतं

चिंगीला उन्हाळी संशोधन शिबिरात जागा मिळाली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त हरखली ती आत्या. चिंगी हे घरातलं नाव. कॉलेजात कुणी त्या नावाने हाक मारली असती तर तिने मानही वर केली नसती. आई गेल्यापासून आत्यानेच तिला वाढवलं होतं, शिवणयंत्राच्या खडखडाटात तिचे पाढे पाठ करून घेतले होते. आता त्याच आत्याची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. दिवसाआड डायलिसिस, आणि घोटभर पाणी प्यायचं तरी विचार करून. आणि चिंगीला जी प्रयोगशाळा मिळाली, ती नेमकी मूत्रपिंडाच्या आजारावर काम करणारी.

पहिल्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, माइकसमोर उभे राहिले. आवाज असा की पंख्याची घरघरही गप्प बसावी.

"ही मुलं इथे नुसती शिकायला आलेली नाहीत," ते म्हणाले. "उद्या तुमच्या घरातला पेशंट ज्या औषधाने बरा होईल, ते कदाचित याच उन्हाळ्यात यांच्या हातून सापडेल!"

आत्याने सुईच्या टोचण्यांनी काळानिळा झालेला हात वर करून टाळ्या वाजवल्या. परतताना तिने रिक्षावाल्यालासुद्धा सांगून टाकलं, "आमची पोरगी औषध शोधतेय बरं का."

"अगं आत्या, तसं नसतं ते," चिंगी हसत म्हणाली. पण फार जोर लावून म्हणाली नाही. मनातून तिलाही ते ऐकायला गोडच लागलं होतं.

ती वसतिगृहावर राहायला गेली आणि कामाला भिडली. काम म्हणजे प्लास्टिकच्या ताटल्यांमध्ये मूत्रपिंडाच्या पेशी जगवायच्या, त्यांना गुलाबी रंगाचं खाद्य द्यायचं, मग त्यांच्यावर विष घालायचं आणि एक ठरावीक द्रव्य घातल्यावर त्यातल्या किती वाचतात ते पाहायचं. पिपेटचं बटण दाबून दाबून तिचा अंगठा सुजला. पहिल्या खेपेला सगळ्या ताटल्यांना बुरशी लागली, तेव्हा ती हात धुण्याच्या बेसिनपाशी उभी राहून रडली. तिच्या शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी, उंचीमुळे ज्याचं नाव लंबू पडलं होतं, म्हणाला, "माझ्या तर दोनदा मेल्या. तू निदान रडतेस तरी. मी मेलेल्यांनाच खायला घालत बसलो होतो."

हळूहळू जमायला लागलं. आणि एके सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तिला दिसलं, की द्रव्य घातलेल्या ताटलीतल्या पेशी जिवंत आहेत. एकमेकींना खेटून, नीट बसलेल्या. तिने परत मोजल्या. लंबूला मोजायला लावल्या. मग धावत ती ताईंकडे गेली. ताई म्हणजे त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संशोधक. सुटीच नाही म्हणून त्यांचा चेहरा कायम वैतागलेला.

"वाचल्या!" चिंगी म्हणाली. "ताई, पेशी वाचल्या!"

"वाचणारच," ताई मान न वळवता म्हणाल्या. "दरवर्षी वाचतात."

"दरवर्षी म्हणजे?"

"अगं, जुनं द्रव्य आहे ते. ताटलीत छान चालतं, माणसांना दिलं तर यकृत खलास करतं. केव्हाच बाद झालंय. उन्हाळ्यातल्या मुलांना आम्ही तेच देतो. हात बसण्यापुरतं." मग तिच्या तोंडाकडे पाहून त्या जरा वरमल्या. "तुझा हात चांगला बसलाय मात्र."

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. आपलं मूत्रपिंड बहिणीला द्यायचं म्हणून बाबांनी तपासण्या करून घेतल्या होत्या, आणि ते जुळत होतं. डॉक्टर म्हणत होते, लवकर करा.

"आणि ही बया ऐकत नाही," बाबा म्हणाले. "म्हणते, पोरगी औषध काढतेय, मग भावाला कशाला चिरू? उन्हाळा संपू दे. चिंगे, तूच समजाव तिला."

फोन आत्याकडे गेला.

"आत्या, ऑपरेशन करून घे ना."

"तू तुझं काम बघ. जमतंय ना?"

चिंगीच्या ओठांवर सगळं आलं होतं. "वेळ लागतो गं या गोष्टींना," एवढंच ती बोलली.

"लागू दे की. मी कुठे पळून चाललेय?"

दुसऱ्या दिवशी ती उठून तडक घरी गेली असती तर? पण शेवटच्या दिवशी मांडायचं कामाचं पोस्टर छापायला द्यायचं होतं, ताई मागे लागल्या होत्या. समोरासमोर सांगू, असं तिने ठरवलं.

शेवटच्या दिवशी दालनात पोस्टरांच्या रांगा लागल्या. आत्या ठेवणीतली साडी नेसून, बाबांच्या खांद्याचा आधार घेत आली. पाय सुजून चपलेबाहेर आले होते. चिंगीने तिला बाजूला न्यायला हात धरला, तेवढ्यात मोठे सर तिथे येऊन ठेपले.

"सर," आत्याने हात जोडले, "ते औषध आम्हाला कधी मिळेल?"

"कुठलं औषध?"

"हेच. हिने शोधलेलं."

सर दिलखुलास हसले. "आजी, औषध काय असं उन्हाळ्यात होतं? दहा-पंधरा वर्षं लागतात. हे सगळं मुलांच्या सरावासाठी असतं." आणि फोटोवाल्याने हाक मारली म्हणून ते पुढे गेले.

आत्याने पोस्टरकडे पाहिलं, मग चिंगीकडे.

"तुला ठाऊक होतं?"

चिंगीने मान हलवली.

"मग फोनवर का नाही बोललीस गं?"

बाबा भिंतीकडे बघत उभे राहिले. समोर सगळी मुलं फोटोसाठी गोळा होत होती, लंबू हात हलवून तिला बोलावत होता.

आत्या ऑपरेशनला तयार झाली. पण भरती होण्याआधीच तिच्या छातीत पाणी झालं, आणि तपासून डॉक्टर म्हणाले, हे हृदय आता भूल सोसणार नाही. बाबांचं मूत्रपिंड बाबांपाशीच राहिलं.

मोठ्या सरांनी पुढच्या उन्हाळ्यासाठी चिंगीला आपणहून बोलावलं. तिने हो म्हटलं. पुढच्या शिक्षणासाठी त्यांची शिफारस लागणार होती. उन्हाळा आला, तेव्हा निघताना ती आत्याच्या खाटेपाशी गेली. आत्याने वसतिगृहातल्या जेवणाचं विचारलं, पंखा आहे का विचारलं, ड्रेसची बाही उसवलीय ती शिवून घे म्हणाली. तिथे काय करणार, ते मात्र विचारलं नाही.

"येते," चिंगी म्हणाली.

"ये," म्हणून आत्याने कूस बदलली.