केसपेपरवरचं वय

सोमवारी सकाळी सात वाजता मी ओसरीत जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, दोन भगुनी ठेवली. दोन्ही एकाच मापाची, एकाच दुकानातली. दोन्हींत अडीच-अडीच लिटर पाणी. एक जमिनीवर, आमच्या कुत्रीसाठी, बीटासाठी. दुसरं कट्ट्यावर, तिचं तोंड पोचणार नाही असं. मंगळवारी सकाळी सातला कट्ट्यावरच्या भगुन्यात दोन हजार तीनशे नव्वद मिली उरलं होतं, म्हणजे एकशे दहा मिली नुसतं उन्हानं उडालं होतं. जमिनीवरच्यात दोनशे चाळीस. उडालेलं वजा करता बीटा चोवीस तासांत दोन हजार एकशे पन्नास मिली पाणी प्यायली होती. तिचं वजन सतरा किलो. एवढ्या वजनाच्या कुत्रीला मे महिन्यातही लिटर-सव्वा लिटर पुरतं. ताटलीत भाकरीचे तीन तुकडे टाकले होते, तिन्ही तसेच होते.

"नळ आठ दिवसांनी येतो," आई म्हणाली, "अन् ही घागर ढोसून राहिली. वर तू एक भगुनं नुसतं उन्हाला पाजायलीस."

"ते वाया जात नाही. तुळशीला घालते."

"तुळशीला अडीच लिटर लागतंय व्हय?"

कट्ट्यावरच्या भगुन्याची कल्पना बाबांची. निलंग्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत ते गणित आणि विज्ञान शिकवतात. मी पाचवीत असल्यापासून त्यांचं एक सांगणं आहे, मोजलं ते लिही, वाटलं ते लिहू नको. माझं मोजपात्रही त्यांनीच आणलेलं, शाळेतून बाद झालेलं, बुडाला तडा गेलेलं. बारा वर्षं त्या शाळेत ते बिनपगारी होते. मग वीस टक्के अनुदानाचा आदेश आला, आणि त्याच आठवड्यात शाळेमागच्या दोन पिल्लांतलं दुसरं ते पिशवीत घालून लातूरला घरी घेऊन आले. पहिलं, म्हणजे अल्फा, शिपायानं नेलं होतं, म्हणून ही बीटा. गल्लीत तिला सगळे 'बेटा' म्हणतात. आदेशाची झेरॉक्स कपाटात आहे, तिच्यावर तारीख आहे. त्या हिशेबानं बीटा सहा वर्षं चार महिन्यांची.

मंगळवारी दहा वाजता शेजारच्या भुजंगकाकांच्या रिक्षातून आम्ही तिला औसा रोडवरच्या दवाखान्यात नेलं. तिचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं होतं आणि तिला रिक्षात चढता आलं नाही, उचलून घ्यावं लागलं.

"माणसाचं भाडं लावू का जनावराचं?" काकांनी विचारलं.

"शिक्षकाचं लाव," बाबा म्हणाले.

"मग चाळीस टक्केच घ्यावं लागंल की, सर."

शाळेचं अनुदान आता चाळीस टक्क्यांवर आलं आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

डॉक्टर सर्वेश बाबांचे जुने विद्यार्थी. बाबांना बघताच ते उठले. हातात मोजे होते म्हणून पायाला न शिवता त्यांनी हात जमिनीपर्यंत नेला. बाकावर चार जण बसले होते, त्यांना म्हणाले, "ह्या सरांमुळं मी दहावीला गणितात निघालो. न्हाईतर आज म्हशी राखत असतो."

"आताही जनावरंच बघतोस की," बाबा म्हणाले, आणि बाकावरचे चौघंही हसले. बाबांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी बऱ्याच दिवसांनी बघत होते.

तपासताना डॉक्टरांनी बीटाचा ओठ वर करून दात बघितले, मग सोनोग्राफी केली. "गर्भपिशवीत पू झालाय, सर. पिशवीचं तोंड बंद हाय, म्हणून बाहेर यायला जागा न्हाई. पिशवीच काढावी लागंल. उद्याच."

"काढली तर वाचेल?" मी विचारलं.

"ह्या वयाच्या दहांत नऊ वाचत्यात, ताई."

"आणि नुसत्या औषधांवर?"

"पाचांत एखादी."

"खर्च?" बाबांनी विचारलं. एसटी कितीला आहे असं विचारावं तसं.

"ऑपरेशन, भूल, सलाइन, चार दिवस इथं ठेवणं, सगळं मिळून अठरा हजार होत्यात. पण सर, तुमच्याकडून मी..."

"वय किती धरलंस तू तिचं?" बाबांनी मध्येच विचारलं.

"सहा. फार तर सात."

"अकरा," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा ओठ वर केला. दातांवरून वय कसं काढतात ते मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. पुढच्या दातांच्या कडा जरा घासल्या होत्या, दाढांवर थोडा पिवळा थर होता, बस्स. अकरा वर्षांचे दात असे नसतात. डॉक्टरांनी दात बघितले, मग बाबांकडे बघितलं, मग पेनाचं टोपण काढलं.

"अकरा," ते म्हणाले. "मग भूल झेपायची न्हाई, सर."

"तेच म्हणतो मी. म्हातारपणी कशाला कापाकापी."

केसपेपरवर त्यांनी लिहिलं, वय ११ वर्षे.

पट्टा माझ्या हातात होता. मी तो मनगटाभोवती गुंडाळला. माझ्या खात्यात चौदा हजार सहाशे रुपये होते. दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले. त्यातले बारा हजार गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत पुण्याच्या हॉस्टेलला भरायचे होते, नाहीतर एम.एस्सी.साठी धरून ठेवलेली जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. अकरा वर्षांच्या कुत्रीचं ऑपरेशन होत नसेल, तर त्या पैशांबद्दल कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत. औषधांचे सहाशे चाळीस बाबांनी दोनदा मोजून दिले. परत येताना सरकारी दवाखान्यात चौकशी केली. पोटाची ऑपरेशनं मंगळवारी होतात आणि आजची झाली, पुढच्या मंगळवारी या, असं सांगितलं.

"काय म्हणला सर्वेश?" आईनं दारातच विचारलं.

"वय झालंय म्हणला," बाबा म्हणाले.

"कुणाचं?"

बाबा चप्पल काढत राहिले. आई बीटाजवळ बसली, तिच्या पोटावर हात ठेवून. "माझी पिशवी काढली तवा केशरी कार्ड चाललं," ती म्हणाली. "हिला कुठलं कार्ड, बाई?"

रोज सकाळी सातला मी दोन्ही भगुनी मोजत होते आणि पुन्हा अडीच लिटरपर्यंत भरत होते. बुधवारी बीटा एक हजार सातशे प्यायलेली निघाली. आईला वाटलं, उतार पडला. गुरुवारी निघाले चारशे वीस. तिला दोनदा उलटी झाली होती आणि मागच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं. हाक मारली की शेपटी मात्र हलवायची.

अकराच्या सुमारास मी गच्चीवर टाकीमागं जाऊन डॉक्टरांना फोन केला.

"डॉक्टर, तिचं वय सहा आहे."

"माहीत हाय, ताई."

"मग तुम्ही अकरा का लिहिलं?"

"सरांनी अकरा सांगितलं ना."

मी टाकीचं झाकण सारखं केलं.

"आता आणली तर?" मी विचारलं.

"आता दहांत नऊ म्हणणार न्हाई. निम्मं निम्मं धरा. पण आजच. मी फक्त सामानाचं अन् भुलीचं घेतो, नऊ हजार. परवाच म्हणणार होतो, सरांनी पुरं बोलू दिलं न्हाई."

"विचारून सांगते," मी म्हणाले. कुणाला विचारून, ते त्यांनी विचारलं नाही.

बाबा ओसरीत बसून बीटाच्या तोंडावरच्या माश्या वारत होते. मी सगळं सांगितलं.

"तू वय सांगितलंस त्याला?"

"त्यांना आधीच माहीत होतं."

"माहीत होतं, अन् लिहिलं?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

हातातलं वर्तमानपत्र त्यांनी घडी करून मांडीवर ठेवलं. "मग आता कुठल्या तोंडानं जाऊ तिथं?"

"मी एकटी घेऊन जाते."

"अन् पैसे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुझं हॉस्टेलचं आज भरायचंय ना?"

ते मला आठवण करून देत होते की माझ्याकडे मागत होते, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

"हो," मी म्हणाले.

"मग भर."

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी बारा हजार रुपये भरले. पावती मोबाइलवर लगेच आली. मग दोन्ही भगुनी मोजली, नव्यानं भरली आणि बीटाचं भगुनं तिच्या तोंडाजवळ सरकवलं. डॉक्टरांना मी परत फोन केला नाही, त्यांचाही आला नाही.

शुक्रवारी सकाळी बीटा उठली नाही. आईनं जुनी चादर दिली, बाबांनी तिला तीत गुंडाळलं. भुजंगकाकांनी रिक्षा दाराशी आणून उभी केली. आज त्यांनी भाड्याचा विषय काढला नाही. बाबा तिला उचलायला वाकले आणि थांबले.

"मोजलंस का?" त्यांनी विचारलं.

"आता कशाला?" आई म्हणाली.

"मोजू दे तिला."

मी मोजपात्र आणलं. वेळ सहा पन्नास. काल सायंकाळी चार पन्नासला भरलं होतं, म्हणजे चौदा तास झाले होते. बाबांनी वही धरली आणि मी सांगितलेले आकडे त्यांच्या अक्षरात लिहिले.

कट्ट्यावरचं भगुनं, दोन हजार चारशे चाळीस मिली. जमिनीवरचं भगुनं, दोन हजार चारशे चाळीस मिली.