मेहराब नऊ अंश उजवीकडे

माझ्या भाच्याला, शहजादला, अक्कल कमी नाही. जास्त आहे, तीच पंचाईत. अंबडच्या कारखान्यात तो सीएनसी मशीन चालवतो. तिथं केसभर चूक झाली तरी माल भंगारात. बरं, ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी यावं की नाही? नाही! मोबाइलमध्ये किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, दाखवणारं ॲप घेऊन पठ्ठ्या आमच्या मशिदीत शिरला आणि जाहीर करून मोकळा झाला, मेहराब नऊ अंश चुकलीय.

मेहराब म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा. मक्का कुठं आहे ते दाखवणारा. आमची सहाशे वर्षांची, काळ्या पाषाणाची, आत साखळीला टांगलेला दिवा कोरलेला. मी, सलाउद्दीन मिस्त्री, चाळीस वर्षं दगड घडवून पोट भरलं. देवळांच्या पायऱ्या केल्या, मशिदींचे खांब केले, पण त्या साखळीसारखी एक कडी काही मला जमली नाही.

"हिशेब केलाय मी," शहजाद कमिटीसमोर म्हणाला. "या दिशेनं सरळ गेलं तर मक्का पाचशे किलोमीटर उजवीकडे राहते. आपण समुद्राला सजदा करतोय!"

कमिटी म्हणजे पाच म्हातारे. मोबाइलवर नातवाचा फोटो उघडता येत नाही एकालाही, पण ॲप म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना हलल्या. ठरलं. रविवारी मेहराब फोडायची आणि नवी, टाइल्सची, बसवायची. फोडणार कोण? तर मी!

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, त्या कारागिरांनी मावळता सूर्य बघून दिशा धरली. स्पेनमधली कुर्तुब्याची मशीद तर पार दक्षिणेकडे वळलीय. इजिप्तमधली पहिली मशीद इतकी कलली होती की पुढं सुधारावी लागली. दिशा धरायची असते रे, नेम नाही! बंदूक आहे का ती?"

"सुधारली ना?" शहजाद म्हणाला. "मग आपणही सुधारू."

घ्या! माझ्याच तोंडानं माझा घात. दगड एकमेकांत अडकवलेत, एक काढला की अख्खी कमान खाली येईल, असंही सांगून पाहिलं. तर म्हणे, येऊ दे, गुलाबी टाइल्स पसंत केल्यात.

गुलाबी! मग मात्र माझा ताबा सुटला. "मग कबरस्तानापासून सुरुवात कर," मी ओरडलो. "तिथली एकेक कबर याच मेहराबीच्या सुतात खोदलीय. एकेका मुर्द्याचं तोंड याच दिशेला केलंय. तुझ्या अब्बांचंही. चल, घे फावडं, फिरव त्यांना नऊ अंश!"

पाचही म्हाताऱ्यांचे बाप तिथंच पुरलेले. दोन मिनिटांत ठराव रद्द झाला आणि चहा आला. मी बशीत ओतून मस्त फुरके मारले. शहजाद कधी उठून गेला ते बघितलंही नाही.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर माझ्या बहिणीचा, रेहानाचा, फोन आला. पोरगा जेवायलाही आला नाही म्हणाली. मी सरळ कबरस्तानात गेलो. शहजाद बापाच्या कबरीशी उकिडवा बसला होता. मोबाइल मातीवर ठेवलेला. नाक लाल.

"मामू, मीच उतरलो होतो कबरीत," तो म्हणाला. "माझ्या हातानं अब्बांचं तोंड वळवलं. नऊ अंश चुकलं."

माझी मलाच इतकी लाज वाटली की जीभ छाटून टाकावीशी वाटली. गुडघे कुरकुरत होते, तरी बसलो त्याच्या शेजारी.

"ऐक," मी म्हणालो. "मदिनेत सुरुवातीला जवळजवळ दीड वर्ष लोक जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढले. मग हुकूम आला, मक्केकडे वळा. तेव्हाही लोक असेच घाबरले. वळायच्या आधी जे मेले, त्यांचं काय? उत्तर मिळालं, त्यांचं काहीएक वाया जाणार नाही."

"नक्की?"

"नक्की. आणि नऊ अंश कसले घेऊन बसलास? मदिनेतून मक्का दक्षिणेला, जेरुसलेम उत्तरेला. ते बिचारे तर पार उलटे होते!"

तो रडता रडता फिसकन हसला. बाहीनं नाक पुसलं. मग माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "मामू, उद्या तुम्ही गेलात, तर तुम्हाला कसं ठेवू?"

"मेहराबीसारखं," मी म्हणालो. "आणि येताना मोबाइल घरी ठेवून ये."