उभ्या गाडीतला गारवा

मी गाड्यांना एसी बसवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. आणि या अठ्ठावीस वर्षांत माझं ऐकणारं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. बेल्ट बदला म्हटलं की पुढच्या महिन्यात बघू. आधी काचा खाली करून आतली गरम हवा जाऊ द्या म्हटलं की मान डोलवतात आणि काचा बंद करून घाम पुसत बसतात. शेवटी मी हात टेकले आणि बोलायचंच सोडलं. गिऱ्हाईक आलं की त्याला काउंटरवर बायकोकडे पाठवायचं. तिने कार्ड भरायचं, ते गाडीच्या आरशाला लटकवायचं, मी वाचायचं आणि कामाला लागायचं. कार्डावर काम लिहायचं, कहाणी नाही, हा माझा नियम. सुरुवातीला ती कहाण्या लिहायची. "सासऱ्यांना नेताना एसी बंद पडला, सासरे फार रागावले." अरे, सासरे रागावले तर मी काय करू? सासऱ्यांत गॅस भरू? तेव्हापासून कहाणी बंद.

ती गाडी आली तेव्हा ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. माझ्याहून वयाने मोठी गाडी. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, पुढे एकसलग लांब सीट, लोखंडी डॅशबोर्ड. मालक फोटोवाले काका. त्यांचा स्टुडिओ कधीच बंद झाला होता, पण चाळीस वर्षं त्यांनी लग्नांचे फोटो काढले आणि याच गाडीतून लग्नांना गेले. बाजूला काकू, मांडीवर दिव्यांची पिशवी घेऊन. पुढे दिवा धरून उभ्या राहायच्या त्या काकूच. आमच्या लग्नाचे फोटोही त्यांनीच काढलेले, त्यात माझं तोंड वाकडं आलंय. बायको म्हणते, मुळात जसं आहे तसंच आलंय.

कार्डावर लिहिलं होतं, "डॅशखाली गार आणि गरम, दोन्ही. गाडी उभी असताना जास्त वेळ चाललं पाहिजे. आवाज कमी." वाचून मला बरंच वाटलं. उभ्या गाडीत गारवा टिकवणं म्हणजे खरं काम. पळत्या गाडीला वारा मदत करतो. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, मग कॉम्प्रेसरही हळू फिरतो आणि जाळीतून गरम हवा यायला लागते. बहुतेक मिस्त्री इथेच हात वर करतात. मी म्हटलं, बघाच आता.

आठ दिवस लागले. जुना डायनॅमो काढून मोठा आल्टरनेटर टाकला. इंजिनच्या कडेला पट्टी वाकवून कॉम्प्रेसर बसवला, रेडिएटरपुढे कंडेन्सर, मागे जास्त पात्यांचा पंखा. डॅशखाली काळी पेटी टांगली, तिला तीन गोल झरोके आणि दोन बटणं, एक गारव्याचं, एक उबेचं. उबेसाठी इंजिनच्या गरम पाण्याच्या दोन नळ्या आत आणल्या. एसी लावला की इंजिन आपोआप थोडं जोरात फिरावं म्हणून कार्बोरेटरला एक जोड दिला. दारांना नवं रबर लावलं. आणि कार्बोरेटर असा लावला की मागे धुराच्या नळीशी हात धरला तरी धूर दिसेना. इंजिन चालू आहे की बंद हे बघायला बॉनेटवर तळवा ठेवावा लागायचा. मी स्वतःवरच खूश होतो.

काका रोज यायचे आणि माझ्या डोक्यावर उभे राहायचे. उन्हात शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, हातात टोपी. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मिस्त्री, उभी असताना सलग तीन तास चालेल का हो?"

"तीन तास उभी कशाला ठेवता?"

"त्याचं असं आहे की घरी..."

"काका, चालेल. तीन काय, सहा तास चालेल. आता मला काम करू द्या. सांगायचं असेल ते काउंटरवर सांगा."

ते काउंटरकडे गेले. बायकोने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि दोघं तासभर बोलत बसले. माझ्या कानावर काही आलं नाही, कारण मी कान दिला नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गाडी न्यायला आले तेव्हा चालवायला शेजारचा एक पोरगा आणला आणि काकूंनाही घेऊन आले. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले, मांडीवर ती जुनी पिशवी. मला ओळखलं नाही. सीटवर बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "निघालो का?"

"निघालो," काका म्हणाले. गाडी माझ्या दारातच उभी होती.

थोड्या वेळाने, "पोचलो का?"

"थोडंच राहिलंय."

मी इंजिन चालू केलं, बटण फिरवलं. गार झोत काकूंच्या तोंडावर आला आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. काकांनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मिस्त्री, तुम्हाला कल्पना नाही, हिला आता..." मला असलं काही झालं की पळून जावंसं वाटतं. मी म्हटलं, "काका, कार्डावर सही करा." त्यांनी सही केली.

चार दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, काकांचा फोन. मी एका टेम्पोखाली आडवा, तोंडावर तेल ठिबकतंय. बायकोने फोन माझ्या कानाला लावला.

"मिस्त्री, दुपारी गार जरा कमी पडतंय. गाडी अंगणात असते ना."

"अंगणात? या उन्हात? लोखंडाचा टप आहे तो, वरून आग ओकतोय सूर्य, एसी काय जादू करणार? घराला गॅरेज आहे की नाही?"

"आहे."

"मग तिथे घ्या की! आणि शटर ओढून घ्या, म्हणजे झळ आत येणार नाही."

"शटर पूर्ण ओढू?"

"पूर्ण ओढा! अर्धं ओढून काय फायदा?"

"बरं," काका म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या डोक्यात साधा हिशोब होता. गाडी दिवसभर बंद गॅरेजमध्ये सावलीत राहिली, की जेव्हा कुठे जायला काढाल तेव्हा पत्रा तापलेला नसेल आणि लगेच गार होईल. सगळ्यांना हेच सांगतो. कुणी ऐकत नाही, म्हणून सांगताना विचारही करत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मी हात धुऊन काउंटरवर चहाला आलो. बायको खुशीत होती.

"सकाळी फोटोवाल्या काकांचा फोन होता. तुम्हाला भरभरून आशीर्वाद देत होते. म्हटलं चला, कुणीतरी भेटलं आशीर्वाद देणारं."

"गार होतंय ना आता?"

"झकास. काल संध्याकाळी तासभर बसले आणि काकू गाढ झोपल्या म्हणे. किती महिन्यांनी अशी झोप लागली."

"झोपल्या? कुठे झोपल्या?"

"गाडीत." तिने माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्हाला खरंच काही माहीत नाही का? त्यांना कुठे जायचंच नाहीये. काकूंना सगळं विसरायला झालंय. घर ओळखत नाहीत, मुलाला ओळखत नाहीत, दिवसभर दार वाजवतात, उशीर झाला म्हणतात, लग्न चुकेल म्हणतात. फक्त गाडीत बसवलं आणि इंजिन चालू केलं की शांत होतात. काकांची नजर अधू झाली, लायसन केव्हाच संपलं. मग दोघं अंगणात चालू गाडीत बसून राहतात. तिथे उन्हाने त्यांचा जीव जायचा, म्हणून तर एसी."

"कार्डावर का नाही लिहिलंस?"

"कहाणी लिहायची नाही ना," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. नियमच सांगितला तिने.

"आता कुठे आहेत ते?"

"गाडीतच. आज सकाळपासूनच बसणार म्हणाले. गॅरेजमध्ये, शटर ओढून, तुम्ही सांगितलंत तसं."

माझ्या हातातला कप कुठे पडला मला माहीत नाही. बायको विचारत होती, काय झालं, काय झालं. मी ओरडलो, "फोन लाव त्यांना! अगं लाव लवकर! बंद जागेत इंजिन चालू आहे!" तिने लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

स्कूटरवर ती मागे बसली आणि आम्ही निघालो. एरवी दहा मिनिटांचा रस्ता. मध्ये कुणीतरी रस्ता खणून ठेवलेला, एक ट्रक आडवा, मी सगळ्यांना शिव्या देत होतो आणि मनात एकच चाललं होतं, धूर दिसला असता तर ते बाहेर आले असते. खोकला आला असता, डोळे चुरचुरले असते, माणसाला कळतं. मी धूर घालवला. मागे जो विषारी वायू राहतो त्याला रंग नाही, वास नाही, तो माणसाला फक्त झोप आणतो. देवा, त्यांनी शटर अर्धंच ओढलेलं असू दे, असं मी म्हणत होतो. मी कधी देवाचं नाव घेत नाही.

अंगणात गाडी नव्हती. टायरांच्या दोन खुणा गॅरेजकडे गेल्या होत्या. शटर जमिनीला टेकलेलं आणि फटीत खाली जुनी चादर गुंडाळून लावलेली, झळ आत जाऊ नये म्हणून. काम नीट करणारा माणूस. मी शटरला कान लावला. आतून अगदी बारीक, एकसारखी घरघर येत होती.

तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि काका बाहेर आले. हातात ताट, त्यात वरून झाकलेली वाटी. चेहरा लालबुंद, एका हाताने भिंत धरलेली.

"काका!" माझा आवाज फाटला. "काकू कुठे आहेत?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला हो. डोळा लागलाय तिचा. सकाळी नऊला बसलो, साडेनऊला झोपली. मी दोन घास करायला आत आलो आणि खुर्चीतच मलाही झोप लागली बघा. डोकं जरा धरलंय. हे ऊन..."

मी चादर लाथेने उडवली आणि शटर वर ओढलं. ते निम्म्यावर अडकलं, बायकोने दुसऱ्या बाजूने खांदा दिला, तेव्हा सुटलं. आतली हवा अंगावर आली, कोंदट आणि जड. "श्वास रोखून धर आणि लांब हो," मी तिला म्हटलं. "अँब्युलन्सला फोन कर." ती फोन घेऊन फाटकाकडे धावली.

गाडीचं दार उघडलं. आत गारवा होता. मी बसवलेले तिन्ही झरोके चालू होते, एकही घसरलेला नाही, एकही खडखडत नाही. काकू खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. कपाळावर एक बट होती, ती झोताबरोबर हलत होती. गाल गुलाबी, एखाद्या नव्या नवरीसारखे. कुणीही म्हटलं असतं, काय शांत झोपल्यात. मी त्यांचं मनगट धरलं. मग मान बघितली. मग पुन्हा मनगट. मग कळलं. हात गार होता, आणि तो गारवा झरोक्याचा नव्हता.

"काकू," मी म्हटलं. "काकू, उठा हो." मला रडू फुटलं.

मी वाकून चावीला हात घातला.

"अहो मिस्त्री, नका, नका." काका मागे येऊन उभे राहिले होते, ताट अजून हातात. कुजबुजत होते, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. "इंजिन बंद नका करू. बंद केलं की ती लगेच जागी होते."

मी चावी फिरवली. घरघर थांबली, पंखा थांबला, ती बट कपाळावर तशीच राहिली. काकांनी ताट बॉनेटवर ठेवलं, हात पुसले आणि काकूंच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, त्या जाग्या व्हायची वाट बघत.