त्याच्या ताटातलं

ताईने सोया सॉसची वाटी दोन बोटांनी बाजूला सरकवली. पाठोपाठ गरम चहाचा पेलाही सरकवला.

"थोडं तरी घे ना," धाकटा भाऊ म्हणाला. "एवढे पैसे मोजतोय आपण."

"मीठ नको, पाणी नको. मासा तेवढा खाते. त्यासाठीच आणलंस ना?"

त्यासाठीच आणलं होतं. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी दोघा बहीणभावांना समोर बसवून किडनी बदलल्यानंतरची पथ्यं वाचून दाखवली, तेव्हा कच्चा मासा जन्मभर बंद असं त्यात निघालं. ताई फसकन हसली होती. "अहो, कच्चा मासा खायला मला कोण नेतंय!" त्यावर धाकट्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की मी नेतो. गावातलं सगळ्यांत महागडं जपानी हॉटेल, ऑपरेशनच्या आधी. उगाच राहून गेलं असं वाटायला नको. ऑपरेशन येत्या शुक्रवारी होतं. किडनी धाकट्याची होती.

हॉटेल कसलं, दहा खुर्च्या आणि एक लांब लाकडी ओटा. ओट्यापलीकडे आचारी उभा. तो भाताचा छोटा गोळा हातावर वळायचा, त्यावर माशाचा काप ठेवायचा, तो समोरच्या काळ्या ताटलीत मांडायचा आणि तुम्ही तोंडात घालेपर्यंत हात बांधून बघत राहायचा. निवड नाही, अमुक नको म्हणायची सोय नाही. ताईला आधी हसू आलं. घासाला आठवड्याचा किराणा, आणि वर पहारेकरी! पण पहिला काप जिभेवर लोण्यासारखा विरघळला तेव्हा तिचं हसू थांबलं. अगंबाई, हे खरंच चांगलं आहे की.

"काल पोरगी विचारत होती," धाकटा म्हणाला. "ऑपरेशन झाल्यावर बाबा मला कधी उचलून घेणार म्हणून."

"तीन महिने वजन उचलायचं नाही. सांगितलंय डॉक्टरांनी."

"हो, तेच सांगितलं तिला." त्याने जेवायच्या काड्या सरळ करून ठेवल्या. "आमच्या दुकानात येतात ना एक गिऱ्हाईक, त्यांच्या भावाने दिली होती किडनी. दोन वर्षांनी त्याचेच पाय सुजायला लागले म्हणे."

ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"सहज आठवलं," तो म्हणाला.

तिने डाव्या बाहीखाली बोटं घातली. मनगटावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती, आणि हात लावला की आतून गुरगुरायची. आठवड्यातून तीनदा त्या शिरेत दोन सुया जात आणि चार तास ती डायलिसिसच्या मशीनपाशी पडून राही. शेजारच्या, खिडकीजवळच्या खुर्चीवर एक मास्तर असत. कोडी सोडवायचे, अडलं की मोठ्याने ताईला विचारायचे. गेल्या मंगळवारी ते आले नाहीत. गुरुवारी त्या खुर्चीवर दुसरी बाई होती, आणि मास्तरांचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. त्या दिवसापासून ताईला झोप नव्हती. तिला मरायचं नव्हतं. उगाच आडपडदा कशाला, तिला जगायचं होतं.

चौथ्या घासानंतर वाढणारी मुलगी वही घेऊन जवळ आली.

"तीन महिन्यांनी आमचे नवे मासे सुरू होतात, सर. खुर्च्या आत्ताच भरतायत. दोघांसाठी ठेवू का?"

"चालेल की," धाकटा म्हणाला.

मुलगी लिहून घेऊन गेली.

"अरे, मला कुठे चालणार आहे तेव्हा?" ताई म्हणाली. "जन्मभर बंद ना?"

"अगं, ती एवढं विचारत होती. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

भीड ही भिकेची बहीण, असं आई त्याला उठता-बसता ऐकवायची. दारावर आलेल्या विक्रेत्यांकडून या माणसाने एका वर्षात तीन वॉटर फिल्टर घेतले होते. आणि डॉक्टरांनी विचारलं होतं, तुम्ही द्याल का, तेव्हा बुटांच्या नाड्यांकडे बघत तो हेच म्हणाला होता. चालेल की. मग हॉस्पिटलातल्या बाईंनी त्याला एकट्याला आत बोलावून पुन्हा पुन्हा विचारलं होतं, मनापासून आहे ना, कुणाचा दबाव नाही ना. त्या बाईंना तरी हा तोंडावर नाही कसं म्हणणार होता?

आचाऱ्याने पुढचा घास मांडला. "माकूळ. स्क्विड. आज पहाटेचं."

भातावर माकुळाचा पांढरा, ओला काप होता. धाकट्याने तो तोंडापर्यंत नेला, रंग उडालेल्या चेहऱ्याने परत ताटलीत ठेवला, आणि आचाऱ्याकडे बघून ओशाळं हसला. आचारी हात बांधून उभा होता.

लहानपणी कारलं असलं की हा असाच बसायचा. रडायचा नाही, नको म्हणायचा नाही, नुसता ताईकडे बघायचा. आईची पाठ वळली की ताई म्हणायची, "तुला नको असेल तर राहू दे," आणि त्याच्या ताटातलं उचलून गपकन खाऊन टाकायची.

आताही आचारी सुरी पुसायला वळला, आणि तिच्या हाताने सवयीने तेच केलं. काड्या पुढे गेल्या, माकूळ तिच्या तोंडात गेलं.

धाकट्याचे खांदे सैल झाले. पण नजर हलली नाही. डोळ्यांत पाणी घेऊन तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तो कशाची वाट बघतोय हे तिला स्पष्ट कळलं. एकच वाक्य होतं, कारल्याच्या वेळचं. आयुष्यभर त्याने न मागता तिने ते म्हटलं होतं.

माकूळ चिवट होतं. तिने ते सावकाश चावलं, पुष्कळ वेळ चावलं, आणि गिळलं.

"मग?" शेवटी त्यानेच तोंड उघडलं. "झाले का पैसे वसूल?"

"झाले," ताई म्हणाली. "शुक्रवारी सकाळी सातला पोचायचंय. आदल्या रात्रीपासून पोटात काही नको."

धाकट्याने मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं.

"चालेल की," तो म्हणाला.