नावानिशी प्रार्थना

साखरेच्या डब्याला टेकवून उभ्या केलेल्या मोबाइलवर लाल ठिपका लुकलुकत होता आणि हर्षद म्हणत होता, की प्रार्थनेने आजवर कोणाचंही नुकसान झालेलं नाही — इथे तो थांबला. ठिपका लुकलुकतच राहिला. थांबणंही तो इमानाने टिपून घेत होता. वनिताचं नुकसान झालं होतं. त्याने फीत पुसली आणि चहाचा कप तोंडाला लावला, तर तो रिकामा होता.

शनिवार सकाळ. उद्याची उपासना आज टिपून ठेवायची, म्हणजे रविवारी पहाटे सहाला ती एकोणीस घरांच्या मोबाइलवर जाते — कर्जतच्या बाजारापासून कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या वाडीपर्यंत आणि तिकडे खालापूरच्या अंगाला कुंभिवलीपर्यंत विखुरलेली एकोणीस घरं, तेवढीच मंडळी. चर्चला कुलूप. पाळकसाहेब पहिल्याच लॉकडाउनला गावी नगरला गेले, ते दुसरी लाट आली तरी तिकडेच. जाताना किल्ली आणि मंडळी दोन्ही हर्षदच्या हातात ठेवून गेले, कारण चर्चच्या पंचांमध्ये मोबाइल नीट वापरता येणारा तो एकटाच. शाळेत तो कारकून. मंडळी त्याला मास्तर म्हणत, आणि ही चूक त्याने कधी दुरुस्त केली नव्हती.

नावं घ्यायची कल्पना त्याचीच. शास्त्रपाठ, चार शब्द, आणि शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना — नुसती नव्हे, नावानिशी, गावानिशी. लोकांना वाटलं पाहिजे, आपली कोणाला तरी आठवण आहे... आणि खरं सांगायचं तर नावं घेताना माझा आवाज बरा लागतो. जरा खाली उतरतो, थरथरतो. 'आमची बहीण वनिता, कुंभिवली, ताप व खोकला, दिवस चौथा.' दिवस चौथा, हे मी कशाला म्हणालो? देवाला तारीख लागत नाही.

कुंभिवलीला लागली. वनिता हायवेच्या कडेला भाजी विकायची. त्या रविवारची फीत मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावरून कोणाच्या तरी भाच्याकडे गेली, तिथून गावात. सोमवारी तिच्या दारापुढे बांबू आडवे झाले, मंगळवारी नळावरचा तिचा हंडा कोणीतरी काठीने बाजूला सारला. ती बरी होऊन महिना झाला. भाजी अजून कोणी घेत नाही. हर्षदला तिने एका शब्दाने दोष दिला नाही, फक्त गट सोडला... वनिताने गट सोडला, अशी ओळ आली, आणि तिच्याखाली सवयीने तिघांनी 'आमेन' लिहिलं.

तेव्हापासून मंडळीची प्रकृती एकाएकी सुधारली होती. विचारावं तो ठणठणीत. आणि आज आठ वाजता वाडीवरून दशरथचा फोन. दशरथ तिकडच्या एका फार्महाउसवर माळी.

"मास्तर, उद्या आमचं नाव नको हां."

"का रं? काय झालं?"

"काय नाय. जनाला जरा कणकण हाय. तिसरा दिस."

"दम लागतो?"

दशरथच्या मागून त्याच्या बायकोचा, जनाचा श्वास ऐकू आला, भात्यासारखा, मध्येच अडकणारा.

"चढ चढल्यावानी लागतो," तो म्हणाला. "पन झोपूनच हाय ती."

"आशा सेविका अपेक्षाताईंना कळवतो मी. त्या येऊन ऑक्सिजन तरी मोजतील."

"आशाताई आली का मागून दवाखान्याची गाडी येती. वाडीत गाडी आली तर शेठ मला गेटातून आत घेल काय? वनिताची भाजी कुनी घेतली, सांगा." मग किंचित हसून, "तुमी मनात करा की. मनातली बी पोचती, तुमीच सांगता ना."

"बरं," हर्षद म्हणाला. म्हणजे शब्द दिला.

अपेक्षाचा नंबर मोबाइलमध्ये होता. कळवलं तर जना कदाचित वाचेल आणि दशरथ नक्की बुडेल. नाही कळवलं तर... कदाचित साधाच ताप असेल. हा 'कदाचित' दोन्हीकडे बसतो हे लक्षात येऊन त्याला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट. मंडळी मी जोडून ठेवली आहे, असं मी नगरला लिहीत आलो. ठेवलीच होती. कोणाच्या दारात जायचं नाही, हे एकोणीस घरांना एकाच वेळी, पहाटे सहाला कळत होतं.

त्याने पुन्हा सुरुवात केली. प्रार्थनेपाशी आला आणि एका दमात म्हणाला, 'हे प्रभू, जे आजारी आहेत त्यांची नावं तुला ठाऊक आहेत.' आवाज थरथरला नाही. वाक्य इतकं छान जमलं होतं — शास्त्राला धरून, कोणालाही न दुखावणारं, दशरथला दिलेला शब्द पाळणारं — की त्याला पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली. त्याने अपेक्षाचा नंबर काढला. अंगठा काचेवर टेकला नाही, मागेही आला नाही. गव्हाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून तो तिथेच राहिला, आणि त्या अंतरात जना श्वास घेत होती.

"किती जण आहेत या आठवड्याला?" त्याच्या बायकोने, संजनाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोणी नाही."

"चला, बरं झालं," ती म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली.

पाळकसाहेबांना दर शनिवारी पाठवायचा तक्ता राहिला होता. 'आजारी' या रकान्यात त्याने शून्य लिहिलं. पाच मिनिटांत नगरहून जोडलेले दोन हात आले.