रंग जुळवताना

"मान सरळ. हलू नकोस गं, नटी," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या लेकीच्या गालाजवळ स्पंज धरला.

पण आरशासमोरच्या खुर्चीत ती नव्हतीच. तिथे दुसरीच मुलगी बसली होती, सहाएक वर्षांची, गोरीपान. माझी लेक शेजारच्या स्टुलावर. बाबांनी स्पंजवरचा रंग लेकीच्या गालाशी ताडून पाहिला आणि त्या मुलीच्या कपाळावर टेकवला.



बाबा तीस वर्षं सिनेमात रंगभूषा करतात. परवा फोनवर म्हणाले होते, "पोरीला घेऊन ये. खाणकामगाराच्या मुलीचं काम आहे, सावळी मुलगी हवीय." मी हरखूनच गेले. शाळेच्या नाटकात लेकीला दरवेळी मोलकरीण करतात. वाटलं, आता तरी हिच्या नशिबी काही वेगळं. बाबांनी सांगितलेली दोन वाक्यं तिने घोकघोक घोकली होती.

तेवढ्यात दिग्दर्शक डोकावला. लेकीला पाहून थबकला.

"वा! ही कुठे सापडली?"

"माझी नात," बाबा घाईने म्हणाले. "संवादसुद्धा पाठ आहेत तिचे."

"अगदी हाच रंग हवा. तंतोतंत उतरवा हं," म्हणून तो निघूनही गेला.

"आई, माझी वाक्यं कधी?"

मी बाबांना कोपऱ्यात ओढलं.

"नमुना म्हणून आणायला लावलीत हिला? दोरा जुळवायला दुकानात कापडाचा तुकडा नेतात, तसं?"

"हळू बोल. ऐकेल ती."

"आणि तुम्हाला कधीपासून नमुना लागायला लागला?"

"नाही लागत." ते स्पंजकडे बघत राहिले. "त्या मुलीचं आधीच ठरलं होतं. म्हटलं, खरी सावळी पोर समोर दिसली, तर निदान लाज वाटून तरी हिला घेतील. तुला खरं सांगितलं असतं, तर तू आणली असतीस का?"

 

खुर्चीतली मुलगी अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याने वळली. "काका, हे धुतल्यावर जाईल ना?"

"जाईल, बाळ. तुझं जाईल."

माझी लेक टक लावून ऐकत होती. तिने हळूच स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मी धावत जाऊन तिला कडेवर उचललं. सहा वर्षांच्या पोरीला कोणी कडेवर घेतं का? पण घेतलं.

"ने तिला घरी," बाबा म्हणाले. "माझं अडणार नाही."

दारातून मी वळून पाहिलं. बाबांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारली, लेकीच्याच रंगाचा तो हात त्या गोऱ्या गालाशेजारी धरला आणि त्याच्याकडे बघत ते रंग कालवायला लागले.